पाचव्या महिन्याचं जावळ

आमचं घर आणि शेजारचं भावकीचं घर, मधे एकच भिंत. बायको गेल्यापासून त्या भिंतीपलीकडच्या आवाजांवर आणि वासांवर माझा दिवस चालतो. सकाळी तिकडं लसणाची फोडणी पडली की मी समजतो, भाकर टाकायची वेळ झाली. माझी भाकर मीच थापतो. जाड होते, कडा फाटतात, पण माझी असते. लातूरहून पोरगा दर वेळी म्हणतो, आबा, गावात कुणाकडं डबा लावू का? मी म्हणतो, माझे हात मोडले का?

फाल्गुनातली गोष्ट. दोन दिवस तिकडून फोडणीचा वास आला नाही. पहिल्या दिवशी वाटलं, उपास असेल. दुसऱ्या दिवशी चुलीचा धूर दिसला, पण वास नुसत्या शिजल्या भाताचा. तेव्हा मी ओळखलं. आमच्याकडं लेकराला गोवर निघाला की घरात कढईत तेल तापवत नाहीत. मोठ्यानं बोलत नाहीत. त्या दुखण्याचं नावही घेत नाहीत, पाहुणी आली म्हणतात, आणि पाहुणीला तेलाचा चटका सोसत नाही म्हणून फोडणी बंद. पूर्वी दाराला लिंबाचा पाला टांगायचे, येणारा माणूस समजून उंबऱ्याबाहेरच थांबायचा. आता पाला टांगत नाहीत. पाला दिसला की दवाखान्याची माणसं येऊन दहा गोष्टी विचारतात, म्हणून लोक चोरून पाळतात. दार कोरं, कढई तेवढी उपडी.

मी भिंतीवरून हाक मारली. पलीकडं राहते ती माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ वारला त्यालाही लई वर्षं झाली. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भाऊजी. म्हटलं, वहिनी, कढई का उपडी?

ती पदर तोंडाला लावून भिंतीजवळ आली. "हळू बोला भाऊजी. पाहुनी हाय घरात."

तिचा पावणेदोन वर्षांचा नातू. लेक आणि सून कर्नाटकात उसाच्या फडावर. लेकराला खोकला लागला, डोळे लाल झाले, म्हणून आठवड्याखाली त्याला आजीजवळ आणून सोडलं आणि ती दोघं परत फडावर गेली. आता त्याच्या कानामागून पुरळ निघून तोंडावर उतरलं होतं. नातवाची मोठी बहीण कायम आजीजवळच असते, अंगणवाडीत जाते. ती पोरगी भावाच्या उशाशी बसून त्याला वारा घालत होती.

मला त्या लेकराची काळजी वाटली, नाही असं नाही. पण पहिल्यांदा मनात आलं ते माझं. गुढीपाडव्यानंतर लगेच माझ्या नातीचं जावळ ठरलं होतं.

पोरगा लातूरला दाळमिलमधे मशीनवर आहे. सून शिकलेली, बोलायला मऊ, पण आतून पक्की. त्यांना झाली ती मुलगी. मी तिला बारशाला एकदा बघितली, बाकी फोनवर. आमच्या भावकीत जावळ पाचव्या महिन्यात निघतं. शेतातल्या लक्ष्मीपुढं, लिंबाच्या झाडाखाली, लेकराच्या मामाच्या मांडीवर. माझ्या बापाचं तिथं निघालं, माझं निघालं, पोराचं निघालं. सुनेचं म्हणणं होतं, ऊन लई असतं, अकरावा महिनाही विषमच आहे, तेव्हा लातूरलाच करू. मी फोनवर सांगितलं, "पाचव्यात, आणि शेतातच. न्हाईतर जावळात मला धरू नका."  पोरगा म्हणाला, बरं आबा.

तो बरं म्हणाला त्या दिवसापासून मी कामाला लागलो. पुढच्या भिंतीला चुना मारला. लक्ष्मीच्या दगडांना शेंदूर आणला. माजघरातल्या गोधड्या धुऊन वाळवल्या. न्हाव्याला सांगितलं, भावकीला सांगितलं, पारावर सांगितलं. लोक म्हणत, आबाचं लई चाललंय. चालू दे म्हटलं. रीत पाळायची होती हे खरंच, पण घर भरलेलंही बघायचं होतं. तसं मी कुणाला बोललो नाही.

आणि नातीची मला फिकीर नव्हती, त्याला कारण होतं. माझ्या दंडावर दोन गोल खुणा आहेत, जुन्या चांदीच्या पैशासारख्या. देवी काढलेल्या. मी लहान असताना देवीची साथ होती, तेव्हा सरकारचा माणूस गावात यायचा. आयांनी लेकरं धान्याच्या कणगीत लपवलेली. मला माझ्या आईनं लपवलं नाही, बखोटीला धरून उभं केलं. ज्यांना लपवलं त्यातल्या काहींची तोंडं पुढं आयुष्यभर खड्ड्यांची राहिली, एकाचा डोळा गेला. माझं तोंड बघा, एक खड्डा नाही. म्हणून टोचण्यावर माझा पहिल्यापासून भरोसा. गावात कुणी पाळण्याला बोलावलं की मी आधी लेकराचा दंड बघायचो. खूण दिसली की म्हणायचो, पक्कं आहे, भिऊ नका. नातीचाही दंड मी फोनवर दाखवायला लावला होता. डाव्या दंडावर वाटाण्याएवढी खूण. मग भ्यायचं कशाला?

तेच मी वहिनीला विचारलं. टोचलं नव्हतं का ह्याला?

"टोचलंय की भाऊजी. जन्मला तवाच. खूण हाय दंडावर."

मग कमीच निघेल, मी म्हणालो आणि भाकरी टाकायला आत आलो. पण ती भाकर माझी करपली.

नर्सबाई दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आली. आमच्या उपकेंद्राची, स्कूटीवर डबा बांधून फिरते. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. वहिनीकडं बराच वेळ होती. लेकराच्या तोंडात चमच्यानं कसलंसं औषध घातलं, ते डोळ्यांसाठी असतं म्हणाली, दुसऱ्या दिवशी परत एकदा घालायचं. मग उन्हानं लाल झालेली, घाम पुसत माझ्या ओसरीवर येऊन बसली.

"बाबा, तुमच्या घरात लहान कोण?"

"लहान कुणी न्हाई. म्हातारा हाय एक."

ती हसली नाही. म्हणाली, जावळ आहे असं ऐकलं. मी म्हटलं, आहे, तूही ये जेवायला. तिनं नातीचं वय विचारलं. पाचवा लागतोय म्हणालो. तर म्हणाली, पुढं ढकला. मी म्हटलं, तिची काळजी करू नका, ती टोचलेली आहे, खूण मी डोळ्यानं बघितलीय.

"डाव्या दंडावर?"

"हाव."

"ती क्षयाची लस बाबा. जन्मल्यावर देतात, तिची खूण राहते. तिचा आणि गोवराचा काही संबंध नाही. गोवराची नवव्या महिन्यानंतर, उजव्या दंडात. तिची खूण राहतच नाही."

मला ते पटेना. सत्तर वर्षं मी खूण बघून माणसं पारखली. म्हटलं, खूण राहत नाही तर लस लागली का नाही हे कसं कळायचं?

"साथीत कळतं," ती म्हणाली. "ती बघा शेजारची मोठी पोरगी. दोन्ही डोस झालेत तिचे. भावाच्या गोधडीत झोपते, त्याचं उष्टं खाते. तिला काही झालं का?"

मी म्हटलं, मग आमच्या पोरीला आत्ताच द्या टोचून, लातूरला कशाला, इथं आल्यावर द्या. ती म्हणाली, इतक्या लहानपणी ती लस नीट धरत नाही, आईकडून आलेलं बळ अंगात असतं ते तिला धरू देत नाही, आणि तेच बळ गोवर थांबवायला पुरेलच असंही नाही. फार मोठी साथ असली आणि वरून हुकूम आला तर सहा महिन्यांच्या वरच्यांना एक जादा देतात. पाच महिन्यांच्या लेकराला काहीच नाही. त्याला वाचवायचं तर भोवतालच्या माणसांनी टोचून घेतलेलं पाहिजे, नाहीतर त्याला लांब ठेवायला पाहिजे.

"आज एका घरात दिसून राहिलाय," ती म्हणाली. "ह्या लेकराकडून ज्यांनी घेतला असेल त्यांना बारा-चौदा दिवसांनी निघेल. तुमचं जावळ बरोबर तेव्हाच आहे. सगळं गाव जेवायला येणार, लेकरं घेऊन. आणि हा हवेतून जातो, बाबा. कुणाच्या अंगात आहे ते निघाल्याशिवाय दिसत नाही."

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, माझ्या घरी कोण यायचं ते मी ठरवीन.

"ठरवा," ती म्हणाली. "मी सांगायचं काम केलं. पाणी द्या थोडं." पाणी प्याली, तांब्या पालथा घातला आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाला मी जन्मभर पुरून उरलोय.

मी ते कुणालाच सांगितलं नाही. पोराचा फोन आला तेव्हा गाडी ठरवली, मामा येतोय, असं तो सांगत होता. मी म्हटलं, या. मंडपाला बांबू आणायला गेलो. पण शेजारच्या भिंतीतून खोकला ऐकू यायचा. पहिल्यांदा कोरडा होता, मग घरघर लागली. लेकरू आधी रडायचं, मग रडायचंही थांबलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी न बोलावता वहिनीच्या घरात गेलो. मला लहानपणी गोवर निघून गेलेला, मला भीती नव्हती. आत अंधार केलेला. लेकराला उजेड सोसत नव्हता. पुरळ पोटापर्यंत उतरून काळपट पडलेलं, आणि त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती. बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायची. वहिनी उशाशी हात जोडून बसलेली. नर्सबाईनं दवाखान्यात न्या म्हणून दोनदा सांगितलं होतं, ही गेली नव्हती. पाहुणी घरात असताना लेकराला उंबऱ्याबाहेर काढलं, सुई मारली, तर पुरळ आत जातं आणि बाई चिडते, असं तिच्या सासूनं तिला सांगितलेलं. तिची सासू म्हणजे माझी चुलती. मलाही तिनंच सांगितलं होतं.

मी म्हटलं, उठा, जीप बोलावतो.

"भाऊजी, लेक-सून घरात न्हाईत. काय झालं तर म्या काय तोंड दाखवू? बाई चिडंल."

"चिडली तर माझ्यावर चिडू दे. भावकीत मोठा मी हाय. उठा."

मुखेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि उशीर न करता नांदेडला पाठवलं. गोवर छातीत उतरला होता. गाडीत वहिनीनं त्याला मांडीवर घेतलेलं, मी समोर बसलेलो. वाटेत कंधारच्या अलीकडं तिनं त्याला वारा लागावा म्हणून अंगातलं झबलं काढलं. त्याचा डावा दंड माझ्या समोर आला. सगळा दंड पुरळानं भरलेला, आणि मधोमध ती वाटाण्याएवढी खूण, स्वच्छ, गुळगुळीत. तिच्या भोवतीनं सगळीकडं गोवर. मी ती खूण नांदेड येईपर्यंत बघत होतो. दुसरीकडं बघावं म्हटलं तरी बघता येईना.

तिथं त्याला नाकात नळी लावली, सलाईन लावलं. वाचंल का विचारलं तर डॉक्टर पोरगी म्हणाली, आणलंत ते बरं केलंत, दोन दिवस काही सांगता येत नाही. लस का नाही दिली, हेही तिनं विचारलं. वहिनी म्हणाली, नववा भरला तेव्हा लेकरू फडावर होतं, माघारी आल्यावर खूण बघितली, वाटलं दिलेली आहे. डॉक्टर पोरगीनं लिहून घेतलं. मी मान खाली घालून उभा. तीच गोष्ट मी घरोघर पाळण्यापाशी सांगत आलेलो.

दुपारी व्हरांड्यात आलो आणि पोराला फोन लावला. म्हटलं, गाडी मोड. येऊ नका.

"का आबा? आता काय चुकलं आमचं?"

त्याला वाटलं मी पुन्हा कशावरून तरी बिनसलोय. त्याची चूक नाही. मी आजवर ज्या ज्या वेळी नको म्हणालो त्या त्या वेळी रुसूनच म्हणालोय. मी सांगितलं, चुकलं काही नाही, गावात गोवर आहे, पोरीला आणू नका. तो म्हणाला, पण तिला तर टोचलेलं आहे, तुम्हीच म्हणाला होता ना आबा. मी म्हटलं, ती खूण त्याची नव्हे.

 मग सुनेनं फोन घेतला.

"आबा, मग तुम्हीच या इकडं. जावळाचं पुढं बघू."

"मी न्हाई येत. मी गोवर निघालेल्या लेकराजवळच बसून राहिलोय."

"बरं," ती म्हणाली. तिच्या बरंमधून मला काही कळलं नाही. पुढं बरेच दिवस पोरगा नातेवाइकांत सांगत होता की गोवराचं नुसतं निमित्त, आबाचं मन दुखावलं, म्हणून त्यांनी जावळ मोडलं. माझ्या कानावर आलं. मी खोडून काढलं नाही.

लेकरू वाचलं. आठ-दहा दिवसांनी घरी आणलं, पार वाळलेलं, चालायचं विसरलेलं. लेक-सून फड सोडून आली होती, ती त्याला उचलून उचलून बघायची. पण नर्सबाई म्हणाली तसंच झालं. अजून तीन घरांत कढया उपड्या झाल्या. ज्यांची लेकरं कामाच्या पायी बाहेर जाऊन-येऊन होती, टोचायच्या दिवशी गावात नव्हती, त्यांच्याच घरांत. वहिनीच्या नातीला शेवटपर्यंत काही झालं नाही. मी रोज तिचं तोंड, कानामागं, मान बघायचो. पोरगी वैतागली. म्हणाली, आज्या, मी काय बकरू हाय का बाजारातलं?

अंगणवाडीत नर्सबाईनं राहिलेल्यांना टोचायला दिवस ठरवला. पारावर एक जण म्हणाला, त्या लशीनं लेकरं तापतात, चांगलं लेकरू कशाला तापवायचं? मी म्हणालो, तापतात. नर्सबाईच सांगते की काहींना आठवड्याभरानं हलका ताप येतो, एखाद्याला थोडं पुरळही दिसतं, आणि आपोआप जातं. नांदेडला जे बघितलं ते आपोआप जात नव्हतं. तो म्हणाला, "आबा, आधी तुमच्या नातीला टोचा की, मग आमाला सांगा." लोक हसले. मी म्हटलं, नववा भरू दे. तोवर तूच तुझ्या नातवाला घेऊन जा आणि खूण शोधत बसू नको. तो गेला का नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवशी अंगणवाडीपुढं बायांची रांग बाहेर रस्त्यापर्यंत होती.

जावळाच्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून ओसरीवर बसलो होतो. सगळ्यांना निरोप दिले होते, न्हाव्याला द्यायचा राहून गेला. तो धुतलेले कपडे घालून, नवीन वस्तरा घेऊन, पेटी काखेत मारून आला. इकडं तिकडं बघितलं. मंडप नाही, माणूस नाही.

"आबा, लेकरू कुठाय?"

मी सांगितलं. तो पेटी घेऊन तसाच उभा राहिला. रिकामं माघारी जायचं त्याच्याही जिवावर आलेलं. मग म्हणाला, दाढी लई वाढलीय आबा, बसा. मी पाटावर बसलो. त्यानं पाणी लावलं. शेजारी फोडणी पडलेली होती, गावात नेहमीसारखा गलबला होता, आणि आमच्या अंगणात फक्त वस्तऱ्याचा आवाज. दाढी झाल्यावर तो म्हणाला, डोकंही करू का? कर म्हटलं. केस खाली पडत होते, सगळे पांढरे. तो म्हणाला, आबा, असं मुंडण मयतीला करतात. मी म्हटलं, आज माझ्या नातीवरची पाहुणी टळली, त्याचं कर. त्याला समजलं का नाही कोण जाणे, तो वस्तरा चालवत राहिला. पुरणपोळीला आणलेली हरभऱ्याची डाळ मी त्याच्या पेटीवर ठेवली.

सुनेचे फोन येत राहिले. आबा, या ना. नर्सबाईनंही सांगितलं, तुम्हाला गोवर झालेला आहे, तुमच्या अंगाला आता तो धरत नाही, अंघोळ करून कपडे बदला आणि खुशाल जा. मी गेलो नाही. ती बरोबर म्हणत असेल. पण मी सत्तर वर्षं ज्याला बरोबर म्हणत होतो तेही एका दिवसात चूक निघालं. आता कुणाच्या म्हणण्यावर मी त्या लेकराच्या जवळ जाऊ? मी ठरवलं, तिला टोचल्याशिवाय आणि टोचलेलं अंगात भिनल्याशिवाय तिच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. चैत्र गेला, वैशाख गेला. पाऊस पडला, पेरणी झाली. रोज संध्याकाळी सून फोनवर तिला दाखवायची. पालथी पडली. बसायला लागली. रांगायला लागली. मी फोन लांब धरून बघायचो, जवळ धरलं की तिचं तोंड धुरकट दिसतं. मी तिला काही बोलायचो नाही, फोनमधल्या लेकराशी काय बोलायचं ते मला कळत नाही. फोन बंद झाला की घरात बसून राहायचो. कुणी येत नव्हतं असं नाही. वहिनी कालवण देऊन जायची, तिचा लेक येऊन पाया पडून गेला. पण त्यांचं ते घर आणि माझं हे.

श्रावणात नववा भरला. सुनेनं त्याच आठवड्यात टोचून आणलं आणि फोन केला. म्हटलं, कुठं? उजव्या दंडात, म्हणाली. पुढच्या आठवड्यात एक दिवस सकाळीच फोन आला. सकाळी कधी फोन येत नाही. 

"आबा, तिला रात्रीपासून ताप हाय. पोटावर बारीक पुरळ दिसून राहिलंय."

 कानात त्या गाडीतला भाता सुरू झाला. पण मी पारावर जे ऐकवलं होतं, तेच आता मला म्हणावं लागणार होतं. विचारलं, दूध पिते का? पिते. खेळते का? कुरकुरते, पण खेळते. श्वास भराभर घेते का, बरगडीजवळ कातडी आत जाते का? ती म्हणाली, नाही आबा. मग मी म्हटलं, "लशीचाच ताप हाय तो. जाईल. अंग पुसून घे. उद्या-परवा उतरला न्हाई, न्हाईतर पोरगी मलूल पडली, झटका आला, तर मात्र थांबायचं न्हाई, दवाखाना गाठायचा."

ती म्हणाली, इथल्या नर्सनंही हेच सांगितलंय. औषधही दिलंय.

"मग मला कशाला विचारलंस?"

"तुम्हाला सांगावं म्हणून."

फोन ठेवल्यावर मी ओसरीवरून उठलो नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ताप गेला, पुरळ गेलं, आता पायपुसणं चावून राहिलीय. मी आणखी पंधरा दिवस थांबलो. सुनेनं सांगितलं, सोळाव्या महिन्यानंतर अजून एक डोस आहे, एकानं बहुतेकांना पुरतं, सगळ्यांना पुरत नाही म्हणून दुसरा. मी म्हटलं, तो चुकवायचा नाही. ती म्हणाली, चुकवीन कशी आबा.

मुखेडहून लातूरची एसटी धरली. पिशवीत एक धोतर, एक सदरा, शेतातल्या मुगाच्या शेंगा. संध्याकाळच्या गाडीनं माघारी यायचं असं ठरवून निघालो होतो. दार सुनेनंच उघडलं. पोरगा मिलमधे होता. नात फरशीवर बसलेली, हातात वाटी. डोक्यावर दाट कुरळं जावळ, डोळ्यांवर आलेलं. मी पिशवी ठेवली आणि हात पुढं केले.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि किंचाळली. आईच्या मागं जाऊन पदरात तोंड खुपसलं. सून ओशाळली. म्हणाली, तुम्हाला ओळखत नाही ना आबा. फोनवर हसते की तुम्हाला बघून. दोन दिवस राहा, मग सोडायची नाही तुम्हाला.

नवं वासरू असं करतं. त्याच्याकडं चालत जायचं नसतं, हात लावायचा नसतो. आपण तोंड फिरवून बसायचं, ते आपलं आपण वास घेत येतं. मी भिंतीला टेकून बसलो, तिच्याकडं न बघता. शेंगा काढल्या आणि एक एक सोलून दाणे ताटलीत टाकायला लागलो. सून चहा करायला गेली. जाताना म्हणाली, आबा, चारची गाडी आहे तुमची. मी म्हटलं, जाऊ दे गाडी.

नात दाराच्या चौकटीपाशी बसून माझ्या हाताकडं बघत होती. मी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि परत शेंगांकडं वळलो. पोरगा कामावरून येईपर्यंत ती तिथंच होती. जवळ आली नाही. मी सोलत राहिलो.